डाव्या हाताचा आशीर्वाद

“पण मला काही होतच नाही, तर मोजायचं कशाला?”

त्र्यंबकबुवांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. विचारलं आरोग्य केंद्राच्या गावित सिस्टरना, पण बघत होते बाबांकडे. मोठ्या शिष्याची रीतच तशी. बोलायचं एकाशी, ऐकवायचं दुसऱ्याला.

तापीकाठचा हा छोटासा मठ. धोंडाबाबा त्याचे गुरू. येत्या दत्तजयंतीला त्यांच्या गादीवर बुवा बसायचे होते. भगवं रेशीम शिवून आलं होतं. बुवांनी ते चार वेळा घालूनही पाहिलं होतं. सैल आहे का, म्हणून.

सिस्टर म्हणाल्या, “बुवा, गेल्या महिन्यात बीपीचा वरचा आकडा एकशेसत्तर. त्याच्या आधी एकशेअठ्ठ्याहत्तर. आज तिसऱ्यांदा बघू, आणि मग डॉक्टरांकडे चला.”

“तुमच्या मशीनला साधकाचं तेज सोसत नाही.”

“मशीन नवं आहे. सकाळपासून तीस जणांचं मोजलंय.”

“ते संसारी!”

खरं सांगायचं तर बुवा दोन्ही वेळा आधी अर्धा तास प्राणायाम करून बसले होते. परीक्षेला बसल्यासारखे. तरी नापास. मठातल्या आमच्यासारख्या चौथी नापासाला त्यात नवल नाही, पण बुवांना ते फार लागलं.

“डोकं दुखत नाही, चक्कर नाही,” बुवा म्हणाले. “शरीर माझ्याशी बोलतं, सिस्टर. काही असतं तर मला आधी कळलं असतं.”

“नळाच्या पाइपात पाणी जोरात सुटलं, तर पाइप ओरडतो का, बुवा? एक दिवस फुटतो, तेव्हा घरभर कळतं.”

“आमच्या बाबांनी कधी पट्टा बांधला? कधी गोळी घेतली?”

सिस्टरनी बाबांकडे पाहिलं.

बाबांचं सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी ते सकाळी ओट्यावरून उठले आणि पडले. तेव्हापासून तोंड एका बाजूला, उजवा हात लोंबता, आणि दिवसाकाठी चार-दोन शब्द. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर अंगावरून वारं गेलं म्हणाले असते. बाबांचं झालं, म्हणून बुवांनी जाहीर केलं की बाबांनी वाणी आवरती घेतली.

बाबा डाव्या हाताने आशीर्वाद देऊ लागले. बुवा म्हणाले, डावा हात काळजाकडचा. झालं! महिन्याभरात सगळे शिष्य डाव्या हाताने आशीर्वाद द्यायला लागले. चांगले धडधाकट लोक.

एकदा बाबा म्हणाले, “पाणी.”

बुवांनी त्या एका शब्दावर दीड तास प्रवचन केलं. लोक रडले. पाणी कुणी दिलं नाही.

तर आज बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला. ओली चादर उचलावी तसा. आणि बुवांच्या मांडीवर ठेवला.

“विचार…” बाबा म्हणाले.

“काय विचारू, बाबा?”

“त्याला… दुखतं का.”

बुवा हसले. मग त्यांनी तो हात हातात घेतला. थंड होता. बोटं दाबली. नखाने चिमटा काढला, हळूच.

बाबा बघत राहिले.

“नाही दुखत,” बुवा म्हणाले.

“आधीही… नव्हतं.”

बुवांनी तो हात सोडला नाही. पाच वर्षं त्यांनी त्या हातावर फुलं वाहिली होती. तो हातात मात्र कधी घेतला नव्हता.

“सिस्टर,” ते म्हणाले, “ते दार जरा लोटून घ्या.”

बाहेर माणसं दर्शनाला बसली होती. त्यांनी बघू नये ना! सिस्टरनी दार लोटलं. बुवांनी बाही वर सरकवली.

“पाठ टेका. पाय जमिनीला टेकवा. मांडी नको. हात इथे, टेबलावर. पाच मिनिटं गप्प बसा. मोजतानाही बोलायचं नाही.”

बुवा गप्प बसले. एवढी साधना त्यांनी त्या मठात पहिल्यांदाच केली असेल.

मग पट्टा फुगला, आवळला, सुटला. सिस्टरनी मिनिटभराने पुन्हा एकदा मोजलं. दोन्ही वेळा तोंड तेच ठेवलं. नर्सबाईंना ते शिकवत असावेत.

“एकशेअठ्ठ्याऐंशी. खालचा एकशेबारा. आज दुपारीच तालुक्याला जायचं, बुवा. उद्या नाही. आणि गोळी सुरू झाली की बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. दर महिन्याला मोजायचं.”

बुवांनी मान हलवली. त्यांचं लक्ष मशीनवर नव्हतं.

त्यांना मठातलं ते तपासणी शिबिर आठवलं होतं. आम्हालाही आठवतं. बाबा पडायच्या आदल्या वर्षी एक तरुण डॉक्टर आला होता. त्याने बाबांचं बीपी मोजलं आणि घाबरला. गोळ्यांची पट्टी काढून बाबांच्या हातात दिली. बुवांनी ती बाबांच्या हातून घेतली, डॉक्टरला फाटकापर्यंत नेलं आणि चार लोकांत म्हणाले, “आमच्या बाबांनी देह जिंकलाय, डॉक्टरसाहेब. तुमचं औषध देहवाल्यांना द्या.” पट्टी गेली तापीत. लोकांनी जयजयकार केला.

बाबा तेव्हा गादीवर बसून सगळं ऐकत होते. मिशीतल्या मिशीत हसले होते. छान, सरळ तोंडाने.

आता बुवांनी बाबांकडे वळून विचारलं.

“बाबा… मी त्या डॉक्टरला हाकललं, तेव्हा तुम्ही मला अडवलं का नाही? एक शब्द बोलायचा होता. नुसतं ‘थांब’ म्हणायचं.”

बाबांचे ओठ हलले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. सिस्टर पुसायला पुढे झाल्या, त्यांना बाबांनी डाव्या हातानेच थांबवलं.

“जयजयकार… गोड लागला,” ते म्हणाले, “तेव्हा… मला… बोलता येत होतं.”