गूळ केव्हा घालायचा

"सगळं तिच्याच पद्धतीनं करतो. मग ती तोंड का फिरवते?"

विश्वंभर गुरुजींनी हे विचारलं तेव्हा बायाक्का मठाच्या पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मठ आजऱ्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. एक समाधी, एक पडवी आणि मागे चूल, एवढाच. आक्का ऐंशीच्या पुढच्या. मठात शब्द त्यांचा चाले, तोही क्वचित निघे.

गुरुजी सत्तरीला टेकलेले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी याच पडवीत त्यांचं प्रवचन असे. विषय बहुधा सेवा. बोलत छान, आणि छान बोलतोय हे त्यांना स्वतःलाही ठाऊक असे.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नीला, कालिंदीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"रोज सकाळी मी स्वतः चहा करतो," गुरुजी म्हणाले. "आलं, गवती चहा, वेलदोडा. पातेलं तिचंच. चमच्यानं पाजायला गेलो की ती भिंतीकडे बघते. पेज घेते, पाणी घेते. माझा चहा तेवढा..."

आक्का शेंगा फोडत राहिल्या.

"जायच्या आधी तिनं माझ्या हातचा एक कप घ्यावा, आक्का. दुसरं काही मागत नाही मी."

हे मात्र ते प्रवचनातल्यासारखं बोलले नाहीत. आवाज फाटला होता.

आक्कांनी सूप बाजूला सारलं.

"करा च्या. हितंच. बगू द्या मला."

गुरुजी चुलीपुढे बसले. आपल्या या चहाची गोष्ट त्यांनी गेल्या तीन गुरुवारी प्रवचनात सांगितली होती आणि बायकांनी पदरानं डोळे पुसले होते. त्यामुळे हात कसे झरझर चालले! आलं ठेचलं. गवती चहाची पात मुडपून टाकली. पाणी तांबडं झालं, दूध पडलं, चहा वर आला. गुरुजींनी ऐटीत गुळाचा खडा सोडला.

दोन उकळ्या आल्या, आणि चहा फाटला. पाणी एकीकडे, दुधाचे गोळे एकीकडे.

"गूळ भेसळीचा दिसतो," गुरुजी म्हणाले.

नाचता येईना, अंगण वाकडं.

"घरी बी फाटतोय?"

"फाटतो. म्हणून हल्ली साखर घालतो."

"म्हंजे सगळं तिच्या पद्धतीनं न्हाई." आक्कांनी पातेल्यात डोकावलं. "तिच्या हातचा कवा फाटला?"

"कधीच नाही. एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही."

"ती गूळ कवा घालायची?"

गुरुजी आठवू लागले.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात त्यांच्या घरी एक उंबरठा होता. उंबरठ्यापलीकडे आरामखुर्ची, खुर्चीत ते, हातात पेपर. एकेचाळीस वर्षं चहा आतून बाहेर आला. ते एकदाही बाहेरून आत गेले नाहीत.

"बघितलं नाही मी," ते म्हणाले.

आक्कांनी फाटलेला चहा ओतून दिला, पातेलं विसळलं आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं.

या वेळी चहा वर येताच त्यांनी गुरुजींच्या हातात सांडशी दिली. पातेलं खाली आलं. उकळी निवली. मग आक्कांनी गुळाची पूड घातली, चमचा फिरवला.

"आदी उतरायचं. मग ग्वाड."

चहा गाळला. गुरुजींनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हाच! आक्का, हाच तो चहा! अगदी तिच्या हातचा!" डोळ्यांत पाणी आलं होतं. "आता घेईल ती. थर्मास आणलाय मी, आत्ताच नेतो..."

"बसा."

गुरुजी बसले.

"ह्या चुलीवर धा-बारा वर्सं तिनं गुरवारचा च्या केला. तुमी भाईर बोलत असायचा, ती हितं च्या करत असायची. साठ-सत्तर मानसांचा." आक्कांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "ती सोता कुटला प्यायची?"

"हाच की. सगळ्यांबरोबर."

गाळणीतला चोथा आक्कांनी रिकाम्या पातेल्यात उलटा केला. त्यावर वाटीभर पाणी ओतलं. पातेलं चुलीवर ठेवलं.

दोघं ते उकळताना बघत बसले. वास आल्याचा नव्हता, वेलदोड्याचा नव्हता. जळक्या पाल्यासारखा होता.

आक्कांनी ते कपात गाळलं. दूध नाही. गूळ नाही. कप गुरुजींपुढे सरकवला.

गुरुजींनी घोट घेतला. तो कडू घोट गिळताना त्यांचा चेहरा आक्रसला.

"हे...? का पण? घरात दूध काय कमी होतं?"

"लगीन हून म्हैना झाल्ता. सकाळी तुमच्याशेजारी कप घिऊन बसली हुती. तुमी म्हनलासा, बायकांनी दुधाचा चहा प्यायची आमच्या घरात रीत नाही."

"मी?"

"व्हय."

"आई म्हणाली असेल. आईचा स्वभाव जरा..."

"तुमी."

समोर पडवीत एक कोंबडी आली, शेंगांच्या टरफलात चोच मारून गेली. तिला कुणी हाकललं नाही.

"तिनं सांगितलं तुम्हाला?"

"हासून सांगायची. आमचे हे कायतरी बोलून गेले बगा एकदा, म्हनायची. आनि चोथ्यावर पानी वतायची."

"मला आठवत नाही, आक्का. खरंच आठवत नाही."

"तिला आटवतंय."

...

सेवेवर तास-तास बोलणारा माणूस हातातल्या कपाकडे बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते हेच. त्यांनी कडू कप तोंडाला लावला आणि तळापर्यंत संपवला, प्रायश्चित्त घेतल्यासारखा. मग आक्कांकडे पाहिलं. आता तरी शाबासकी मिळेल, असं त्या पाहण्यात थोडं होतंच.

आक्का पडवीतल्या सुपापाशी जाऊन पुन्हा शेंगा फोडू लागल्या होत्या.

"उद्या पहिला कप तिचा," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "दाट दुधाचा. मी तिच्याजवळ जमिनीवर बसेन. रीतबीत सगळं मोडलं म्हणून सांगेन. आणि गूळ उतरल्यावरच घालेन, तुम्ही दाखवलात तसा. मग तरी घेईल ना ती? सांगा ना आक्का... घेईल ना?"

आक्का उठल्या. उरलेला चांगला चहा त्यांनी थर्मासमध्ये ओतला, झाकण घट्ट लावलं आणि थर्मास गुरुजींच्या हातात दिला.

"उतरल्यावर ग्वाड घातल्यालं फकस्त च्याला चालतंय, गुर्जी."