पाटाच्या टोकाचे शेत

नदीला बंधारा घालण्याइतकी एकी ज्या गावात होती, अशा एका गावात फार पूर्वी एक पाटकरी राहत असे. बंधाऱ्याचे पाणी ज्या पाटाने शेतांना जाई, त्या पाटाचे दार उघडणे, लावणे आणि प्रत्येकाला त्याच्या पाळीप्रमाणे पाणी देणे, हे त्याचे काम.

त्या गावाची एक जुनी रीत होती. जो पाटकरी होईल, त्याने पाटाच्या अगदी टोकाचे शेत कसायचे. ते शेत खडकाळ होते, बंधाऱ्यापासून कोसभर लांब होते आणि त्याला पाणी सर्वांच्या शेवटी मिळे. ही रीत कोणी घातली आणि कशासाठी घातली, हे कोणालाच सांगता येत नसे, पाटकऱ्यालाही नाही. सकाळी बंधाऱ्यावर जाऊन दार उघडायचे, खांद्यावर फावडे टाकायचे आणि पाटाच्या कडेकडेने आपल्या शेताकडे चालू लागायचे, हा त्याचा वीस वर्षांचा क्रम होता. त्या वीस वर्षांत पाण्यावरून एकदाही तंटा झाला नव्हता.

त्याची बायको मात्र कुरकुर करी. "सगळ्या गावाला पाणी पाजता, आणि आपला गहू वीतभर! वरच्या रानात ऊस बघा, कसा पुरुषभर वाढलाय."

"त्या उसालाही मीच पाणी देतो ना!" असे म्हणून पाटकरी हसे. आपल्यालाही उसाची हौस आहे, हे तो बोलून दाखवत नसे.

एके वर्षी राजाचा नवा कारभारी गावाच्या पाहणीला आला. कारभारी भला होता, न्यायी होता आणि घाईत होता. टोकाचे शेत पाहून त्याने घोडा थांबवला.

"हे शेत कोणाचे?"

"आमच्या पाटकऱ्याचं, सरकार," पाटील म्हणाला.

"जो सर्वांना पाणी देतो, त्याचेच शेत असे? हा कुठला न्याय?"

"रीत आहे, सरकार."

"कशासाठी?"

पाटील डोके खाजवू लागला. "कशासाठी ते काही ठाऊक नाही. पण आहे खरी."

ज्या रीतीचे कारण सांगता येत नाही, ती मोडायला कारभाऱ्याला कारण लागले नाही. बंधाऱ्याला लागून असलेले सरकारी रान त्याने पाटकऱ्याला बक्षीस दिले आणि टोकाचे शेत गावातल्या एका भूमिहीन मजूर बाईला दिले. दोघांचेही भले झाले, असे सर्वांना वाटले. पाटकऱ्याच्या बायकोने घरोघर साखर वाटली.

पाटकऱ्याने नव्या रानात ऊस लावला. पाटाचे दार आता त्याच्या बांधावरून दिसे. तो ते वेळेवर उघडी, वेळेवर लावी. कोणाला घटकाभर कमी नाही की जास्त नाही. फावडे मात्र घराच्या कोपऱ्यात उभे राहिले.

पहिले वर्ष ठीक गेले. दुसऱ्या हिवाळ्यात, गहू पोटरीत, म्हणजे ओंब्या बाहेर पडण्याच्या बेतात असताना, टोकाच्या शेताची बाई बंधाऱ्यावर आली.

"दादा, माझी पाळी कधी?"

"झाली की काल! सकाळी दार उघडलं, ते दिवेलागणीला लावलं."

"मग पाणी वाटेत कुठं जेवायला थांबलं म्हणायचं. माझ्याकडं चिमणीच्या आंघोळीपुरतं आलं."

पाटकऱ्याला राग आला. "बाई, वीस वर्षं या हातांनी पाणी सोडलंय. सोडलं की पोचतं."

"हे सोडणाऱ्यानं सांगायचं, का ज्याच्याकडं पोचायचं त्यानं?" एवढे बोलून ती निघून गेली.

तिने कारभाऱ्याकडे दाद मागितली. कारभाऱ्याने तत्काळ दोन पाहणीदार नेमले. ते बंधाऱ्यावरच्या लिंबाखाली बसत आणि दार उघडले की 'पाणी सोडले' अशी नोंद करीत. त्यांचे अक्षर फार सुरेख होते. टोकाचा गहू पिवळा पडू लागला.

आता गावात कुजबुज सुरू झाली. पाटकरी वरच्या शेतकऱ्यांना चोरून पाणी देतो, असे लोक म्हणू लागले. ते ऐकून त्याला घास गोड लागेना. 'पाण्यामागून चालत जातो आणि चोर असेल तर त्याचे मनगट धरतो,' असे ठरवून त्याने कोपऱ्यातले फावडे उचलले.

सकाळी त्याने दार उघडले आणि तो पाटाच्या कडेने निघाला. पहिल्या वळणावर खेकड्यांनी बांध पोखरला होता. पाणी झिरपून ओढ्याला जात होते. त्याने चिखलाने बिळे बुजवली. पुढे म्हशींच्या पायांनी काठ ढासळला होता. त्याने तो भरून घेतला. पुढे एक मूळ पाटात आडवे आले होते. ते त्याने तोडले. पुढे पुन्हा खेकडे. हात आपोआप चालत होते. पाचव्या की सहाव्या ठिकाणी, फावड्यात चिखल तसाच धरून, तो थांबला. हेच काम तो वीस वर्षे रोज आपल्या शेताकडे जाता जाता करीत आला होता. त्याला काम असे कोणी कधी म्हटले नव्हते. त्याने स्वतःही नाही.

मनगट धरायला दुसरे कोणी नव्हते.

ऊन उतरता उतरता तो टोकाला पोहोचला. बाई बांधावर बसली होती.

"आलात? दोन वर्षांत पहिल्यांदा पाय लागले इकडं."

"पाणीही येतंय मागून."

"मग उभे काय राहिलात? दारं धरा, वाफ्यांत पाणी वळवा!"

दुसऱ्या दिवशी पाटकरी कारभाऱ्यापुढे उभा राहिला. "सरकार, वरचं रान या बाईंना द्या आणि माझा खडक मला परत करा."

"ऊस तोडणीला आला आहे, आणि तू खडक मागतोस?" कारभारी म्हणाला. "तू चोरी केलेली नाहीस. हवा तर मी तिसरा पाहणीदार नेमतो."

"चौथाही नेमा, सरकार. फक्त नेमताना त्याचं शेत पाटावर कुठं आहे, एवढं विचारा."

कारभाऱ्याने त्याला खाली बसवले आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लावली. त्या दिवशी त्याला घाई नव्हती. त्याने शेतांची अदलाबदल केली, पाहणीदारांना घरी पाठवले आणि बंधाऱ्याच्या दगडावर ती जुनी रीत तिच्या कारणासह कोरून घेतली, म्हणजे पुढच्या पाटलाला डोके खाजवावे लागू नये.

बाईचा निम्मा गहू वाचला. वरच्या रानातला ऊस तिने तोडला, तेव्हा एक मोळी पाटकऱ्याच्या दारात आणून टाकली. "तुम्हीच लावलेला आहे, वहिनी. खाऊन बघा."

पाटकऱ्याच्या बायकोने एक कांडे सोलून चघळले. "गोड आहे," ती म्हणाली; पण आवाज काही तितका गोड नव्हता. पाटकरी केव्हाच फावडे घेऊन पाटाच्या कडेने निघाला होता.

तात्पर्य इतकेच, की ज्याच्या हाती सर्वांचे वाटप आहे, त्याचे शेत तुटवडा सर्वांत आधी पोहोचतो तिथे असावे. मग त्याच्यावर पाहणीदार नेमावा लागत नाही.