येसबाने पिटलेली दवंडी

राज्यांना नावं होती, पण त्यांच्या सीमा कुणालाच धड ठाऊक नव्हत्या, अशा जुन्या काळची ही गोष्ट. एका नगरात येसबा नावाचा दवंडीवाला राहायचा. आवाज असा खणखणीत, की चौकात ओरडला तर तळ्यापलीकडे ऐकू जावं. नगराचे पाच पंच जे ठरवतील ते डफ वाजवून लोकांना सांगायचं, एवढंच त्याचं काम.

त्या नगरात लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही. तळं आटत चाललं. पंच रोज बसायचे, रोज भांडायचे आणि काहीच न ठरवता उठायचे. लोक आधी चिडले, मग घाबरले. त्यात शेजारच्या नगराचे लोक आपल्या पंचांच्या भांडणांना हसतात, हे त्यांना दुष्काळापेक्षाही जास्त लागलं.

अशा वेळी वेशीवरच्या पहाऱ्याचा नाईक चौकात उभा राहिला.

"एके काळी आपल्या नावाने सारा मुलूख थरथरायचा," तो म्हणाला. "आपलं वैभव संपलेलं नाही, ते चोरलं गेलंय. एका पावसाळ्यापुरता कारभार माझ्या हाती द्या. चोर कोण, ते मी दाखवतो."

त्याच्या बोलण्यात 'पण' नव्हता, 'कदाचित' नव्हतं. भांडणांना विटलेल्या लोकांना तेच आवडलं. पंचांना घरी पाठवलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. येसबाही नाही.

नाईकाने येसबाला बोलावून पहिली दवंडी सांगितली. तळ्याचं पाणी रंगाऱ्यांनी संपवलं, अशी. रंगारी तीन पिढ्यांपूर्वी दुसऱ्या मुलखातून आलेले. त्यांच्या बोलण्याचा हेल अजून वेगळा होता.

"पण नाईक, त्यांचे रांजण तर कधीचे कोरडे..." येसबा चाचरला. त्याच्या भिंतीला भिंत लागून हरबा रंगाऱ्याचं घर होतं.

"तू डफ वाजव. विचार करायला मी आहे. आणि नाईक नाही, यापुढे रक्षक म्हणायचं."

येसबाने डफ वाजवला. पहिल्यांदा त्याचा आवाज जरा अडखळला. पण लोकांनी जयजयकार केला, त्याला वाट करून दिली, पारावर बसायला जागा दिली. असा मान त्याला आजवर मिळाला नव्हता.

संध्याकाळी हरबा दारात आला. "येसबा, माझे रिकामे रांजण तू डोळ्यांनी पाहिलेत ना रे?"

"मी नुसता सांगतो, हरबा. ठरवणारे दुसरे आहेत," येसबा म्हणाला आणि आत गेला.

म्हाताऱ्या वैदीणबाईंनी मात्र भर चौकात विचारलं, "शेजारच्या नगरात एकही रंगारी नाही. मग तिथलं तळं का आटलं?" दुसऱ्याच दिवशी येसबाने दवंडी दिली, की जो प्रश्न विचारील तो शत्रूचा हेर समजला जाईल. वैदीणबाईंच्या दाराला कुलूप लागलं. त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. त्यानंतर लोक बोलायचे कमी आणि जयजयकार करायचे जास्त. कोण हळू आवाजात करतो, हे टिपायला शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवू लागला.

मग हुकूम निघाला, की रंगाऱ्यांनी उद्या दुपारच्या आत नगर सोडावं. तीही दवंडी येसबानेच पिटली.

भर उन्हात चाळीस कुटुंबं निघाली. हरबाने म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेतलं होतं. त्याने येसबाकडे वळूनही पाहिलं नाही. येसबाने गर्दीवर नजर फिरवली. कासार मान खाली घालून उभा होता. तेलीणबाई पदराने डोळे पुसत होती. एकाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता.

येसबा पाराच्या कट्ट्यावर चढला. त्याने डफावर थाप मारली.

"ऐका हो ऐका! रंगाऱ्यांचे रांजण कोरडे होते! मी पाहिले होते! मी खोटं ओरडलो हो!"

शिपाई गर्दीतून वाट काढू लागले. मग तेलीणबाई हळूच म्हणाली, "मलाही ठाऊक होतं."

"मलाही," कासार म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?" येसबाने विचारलं.

"आम्हाला वाटलं, बाकी सगळ्यांना पटलंय. तुझी दवंडी ऐकली की तसंच वाटायचं."

तोवर रंगारी वेशीबाहेर गेले होते. शिपायांनी येसबाला धरून कोठडीत टाकलं.

रंगारी गेले, पावसाळाही सरला, तरी तळं आटायचं थांबलं नाही आणि रक्षकाने कारभार सोडला नाही. मग दोष कुंभारांवर गेला, त्यांच्यामागून धनगरांवर. नगरात दोष द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा रक्षकाने शेजारच्या नगरावर चाल केली. गेलेल्यांपैकी फार थोडे परतले. रक्षक परतला नाही.

मग लोकांनी कोठडी उघडली; इतक्या वर्षांनी सुटला तेव्हा येसबा म्हातारा झाला होता. रंगाऱ्यांचा ठाव विचारत तीन दिवस चालून तो एका नदीकाठी पोहोचला. तिथे हरबा कापड वाळत घालत होता. हरबाने त्याला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"घरी चल, हरबा," येसबा म्हणाला. "आता तिथे कुणी काही बोलणार नाही."

"तेव्हाही कुणी काही बोललं नव्हतं, येसबा," हरबा म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

येसबा एकटाच परतला.

तात्पर्य : भ्यालेल्या लोकांना खोटा शत्रू दाखवणारा एकच असतो, पण त्याचं राज्य उभं राहतं ते खोटं ओळखूनही गप्प राहणाऱ्यांच्या खांद्यावर.