पितळी गोळी आणि पाण्यात उभं सांबर

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगरात माणसं थोडी होती, जनावरं फार होती आणि एका अख्ख्या गावात मिळून बंदूक एकच होती.

ती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी त्यावर बसवायची आणि गजानं ठासायची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगर ओलांडून जायचं. म्हणजे जे काय व्हायचं ते पहिल्याच गोळीत.

बंदूक गावाची, पण चालवायला दिली होती एका शिकाऱ्याला. त्याचा नेम चांगला, छाती रुंद आणि कौतुकाची भूक पोटाच्या भुकेपेक्षा मोठी. गोळ्या मात्र त्याची बायको ओतायची. शिसं वितळवायचं, साच्यात सोडायचं, थंड झालं की एकेका गोळीला नख लावून बघायचं. ओरखडा उठला तर गोळी पिशवीत. नाही उठला तर परत कढईत.

गावाचा एक नियम होता आणि तो कडक होता. गोळी लागलेलं जनावर निसटलं, तर ते सापडेपर्यंत शिकाऱ्याच्या घरात चूल पेटवायची नाही. तिकडं जनावर तडफडतंय आणि इकडं मारणारा गरम भाकरी खातोय, हे त्या गावाला चालत नव्हतं.

एका साली मोठ्या शिंगांचं एक सांबर नाचणीत शिरायला लागलं. खायचं मूठभर, तुडवायचं शेतभर. पाटील म्हणाला, "आता याला पाडायलाच हवं, नाहीतर आपली पोरं काय खातील?"

नेमका त्याच आठवड्यात राजाचा कारभारी गावावरून गेला. शिकाऱ्याची कीर्ती ऐकून त्यानं मखमली पिशवीतून पितळी गोळ्या काढून दिल्या. अशा घासलेल्या की त्यात तोंड दिसावं. "राजेसाहेब याच वापरतात," तो म्हणाला. झालं. शिकारी हवेत चालत घरी आला.

बायकोनं एक गोळी उचलली. नख लावलं. काही उठलं नाही.

"ही वापरू नका," ती म्हणाली.

"का? तुझ्या त्या काळ्या गोळीपेक्षा वाईट आहे होय?"

"माझी काळी आहे, पण मऊ आहे. अंगात शिरली की पसरते, जनावर जागच्या जागी बसतं. ही टणक. कापडातून सुई जावी तशी आरपार जाईल आणि ते बिचारं पळत राहील."

"मग राजा काय वेडा म्हणून वापरतो?"

"राजाच्या मागं शंभर माणसं असतात भाले घेऊन. तुमच्या मागं कोण आहे? मी?"

शिकारी हसला. "तुझी कढई बंद पडेल म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

तिनं गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसली. ऐकायचंच नाही म्हटल्यावर माणसाला किती सांगणार?

दुसऱ्या दिवशी गडीमाणसांनी हाका घालून सांबर रानातून उठवलं. बायको कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. एक बार झाला. मग सगळं गप्प. ना ढोल, ना आरोळी.

दुपारी शिकारी परतला तो मान खाली घालून. "नेम चुकला," त्यानं पाटलाला सांगितलं. "गोळी झाडात गेली."

"चुकला तर चुकला," पाटील म्हणाला. "पुन्हा बघू."

बायकोला ते पटलं नाही. दहा वर्षांत हा माणूस चुकला नव्हता. घरी आल्यावर तिनं विचारलं, "खरंच चुकला?"

"किती वेळा विचारशील? वाढ जेवायला."

तिनं वाढलं. तीन दिवस दोन्ही वेळा चूल पेटली.

चौथ्या दिवशी सकाळी गावातली विहीर गढूळ झाली, म्हणून ती एरवी कुणी न जाणाऱ्या डोहावर पाण्याला गेली. पाण्यात काहीतरी उभं होतं. तिला आधी वाटलं, ओंडका अडकलाय. मग त्या ओंडक्यानं मान वळवली.

सांबर होतं. पोटापर्यंत पाण्यात. पुढच्या पायाच्या फऱ्यामागं बोराएवढं भोक, आणि त्या भोकात किडे वळवळत होते. ती काठाकाठानं पलीकडं गेली, तर त्याही बाजूला तसंच भोक. सांबर पळालं नाही. पळायचं त्राणच नव्हतं त्याच्यात.

"तुझ्या अंगाला भाकरीचा वास येतोय," सांबर म्हणालं.

बाईनं घागर काठावर ठेवली. तिनं विचारलं, "कधीपासून उभं आहेस?"

"गोळी लागली त्या दिवसापासून. पाण्यात आग जरा कमी होते. तुमचा नियम रानात सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटलं, कुणीतरी शोधत येईल. रोज तुझ्या घराकडं बघायचो. रोज धूर दिसायचा."

ती घरी कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. नवरा चटणी-भाकरी खात होता. तिनं खुंटीवरची बंदूक काढली, दारू ओतली, आपली काळी गोळी चिंधीत गुंडाळली आणि गजानं ठासली. तिचा चेहरा बघून त्याचा घास हातातच राहिला.

"अगं, गावाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"गावाचं राहू द्या. आधी त्याला दाखवा. उठा."

डोहावर तिनं बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं ती परत तिच्यापुढं धरली. "तूच काढ बार," तो म्हणाला.

"मी काढला तर तुम्ही सुटाल. तुम्हीच काढा. आणि त्याच्याकडं बघून काढा."

बार झाला. सांबर गुडघे मोडून पाण्यात बसलं आणि पुन्हा हललं नाही.

तिनं सगळं गावासमोर सांगितलं. "तीन दिवस मीही जेवले, माझ्याही नावावर घाला," म्हणाली. त्या सांबराचं मांस कुणी घरात घेतलं नाही.

पाटलानं बंदूक काढून दुसऱ्याला दिली. शिकाऱ्याला गावाबाहेर काढलं नाही. त्याला एक काम दिलं. यापुढं कुणाच्याही हातून जनावर जखमी झालं, तर पानांवरचं रक्त बघत त्याच्या मागं जायचं ते यानं. दिवस लागोत की आठवडा. केस पांढरे होईपर्यंत तो ते करत राहिला. पोरं विचारायची, "आजोबा, तुमचा नेम एवढा चांगला होता म्हणतात, मग तुम्ही बंदूक का धरत नाही?" आणि तो त्यांना खाली बसवून सगळं सांगायचा, एक शब्द न लपवता.

बोध असा: हत्यार चकाकी बघून निवडू नये, आणि आपल्या हातून झालेली जखम लपवणारा माणूस जखम करणाऱ्यापेक्षाही क्रूर असतो.