आगगाडीचा मुजरा

निंबखेडच्या राजेसाहेबांनी आगगाडीच्या फाट्याला आपल्या मुलखातून जायला परवानगी दिली, पण एक अट घातली. संस्थानच्या हद्दीत शिरताना गाडीनं त्यांना मुजरा करायचा.

"हत्ती करतो, घोडा करतो," राजेसाहेब म्हणाले. "गाडी काय त्यांच्याहून मोठी लागून गेली?"

हार्लेसाहेब इंजिनिअरनं नम्रपणे सांगितलं, "इंजिनाला मान नसते."

"मग बसवून घ्या," राजेसाहेब म्हणाले आणि जेवायला उठले.

काम थांबलं. हद्दीच्या अलीकडे मातीचा भराव घालणारे साठ बेलदार आपापल्या पालांत बसून राहिले. बाराव्या दिवशी मुकादम येऊन सांगून गेला, सोमवारपर्यंत काम निघालं नाही तर पालं उचला. हे ऐकून त्या बेलदारांतली केवळाबाई उठली. तिची चार गाढवं भरावावर माती वाहायची आणि दुसरीकडे कुठं काम आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती तडक साहेबाच्या तंबूत गेली.

"साहेब, हद्दीपलीकडची जमीन सखल आहे ना?"

"आहे. म्हणून तर भराव पुढेही तेवढाच उंच न्यायचा आहे."

"नेऊ नका. हद्दीपासून उतरता घ्या. माझी गाढवं उतरणीला लागली की आपोआप माना खाली घालतात. तुमचं इंजिनही घालील."

साहेबानं कागद काढून हिशेब केला. साठ फुटांना एक फूट उतार चालत होता. सोमवारी सगळे कामाला लागले.

पहिली गाडी आली तेव्हा राजेसाहेब हद्दीवर मांडव घालून बसले होते. गाडी आली आणि हद्द ओलांडताच नाक खाली करून उतरू लागली. दरबारी लोकांनी माना तिरक्या करून पाहिलं.

"झुकली का?" राजेसाहेबांनी विचारलं.

"झुकली, सरकार," दिवाणजी म्हणाले. "थोडी."

"आमचे सरदार याहून खाली वाकतात."

साहेब गडबडला. त्यानं केवळाबाईला पुढे केलं.

"सरकार," ती म्हणाली, "सरदार एकदा वाकतो आणि लगेच ताठ होतो. ही पाचशे पावलं वाकलेलीच चालते आहे."

राजेसाहेबांना ते पटलं. मान डोलावून त्यांनी पानाचा विडा घेतला.

पण दुपारी इंजिन फिरवून गाडी परत निघाली. तोच उतार आता चढ झाला होता. नाक वर करून, धूर सोडत, राजेसाहेबांसमोरून ती ऐटीत वर चढली. जेवणानंतरचा विडा त्यांच्या तोंडातच राहिला.

"बाई, हे काय? येताना मान खाली आणि जाताना छाती काढून?"

केवळाबाईनं पदर सारखा केला.

"सरकार, सकाळी ती परकी होती. आता आपल्या मुलखाचं पाणी पिऊन निघाली आहे. मग मान वर होणारच."

राजेसाहेब असे हसले की विड्याची सुपारी दिवाणजींच्या अंगरख्यावर जाऊन पडली. त्याच मांडवात त्यांनी हद्दीलगतचं माळरान बेलदारांना वस्तीसाठी इनाम लिहून दिलं. केवळाबाईच्या चार गाढवांना चराई माफ झाली. तसं कागदावर वेगळं नोंदवलं गेलं.