घाटी वाजली की वाट मोकळी

चैत्र वद्य सप्तमी. आभाळ कोरडं, वारा पडलेला, सकाळीच दगड तापलेले. सोनवेल नगरीच्या वेशीबाहेर बैलगाड्यांची रांग ओढ्यापर्यंत पोचली होती आणि रांगेच्या मधोमध राजा मानधवलाच्या रसासाठी निघालेले आंबे उन्हात शिजत होते.

त्या राज्याचा नियम साधा होता. प्रत्येक गाडीवानाने वर्षाला हमीदाराकडे वर्गणी भरायची. त्याच्या गाडीखाली कुणाचं मडकं फुटलं, कुणाचा पाय मोडला, तर भरपाई हमीदाराने द्यायची. वर्गणी भरली की हमीदार तांब्याचा बिल्ला देई. तो बघितल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही, असा वेशीवरच्या धोंडजी नाईकाला हुकूम होता.

"बिल्ला दाखव!"

"दाखवतो की नाईक, शोधू तर द्या!"

मग मुंडाशात शोध, वैरणीत शोध, बैलाच्या झुलीखाली शोध! तोवर आत गेलेला सोबती तटावरून आपला बिल्ला हळूच बाहेर फेकी.

"अरे, हा पोचा आलेला बिल्ला सकाळपासून मी कितीदा बघू?"

"नाईक, आमच्या गावात सगळेच बिल्ले पोचे आलेले असतात!"

त्या दिवशी असाच उसना बिल्ला दाखवून एक गाडी आत शिरली आणि थेट कासारणीच्या बांगड्यांवर गेली. हमीदार बाळशेट म्हणाले, "ही गाडी माझी नव्हेच!" गाडीवान म्हणाला, "माझ्याकडे तर दमडीही नाही!" कासारण रडत दरबारात पोचली आणि तिच्यामागोमाग नासके आंबेही पोचले.

राजा कडाडला, "धोंडजी! यापुढे प्रत्येक गाडीची हमी तपासायची. पण हमी असलेल्या एकाही गाडीचं चाक थांबता कामा नये! आणि गाडीवानाला चकार शब्द विचारायचा नाही, तो खोटंच बोलतो!"

"महाराज, न थांबवता, न विचारता कसं कळायचं?"

"ते तू बघ! अक्षय्य तृतीयेपर्यंत जमलं नाही, तर वेशीवरची नोकरी गेली आणि वेशीवरचं घरही गेलं!"

धोंडजी घरी येऊन उंबऱ्यावरच बसला. त्याची मुलगी भिवरा भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, "बाबा, बाजारात बैल विकला की त्याच्या गळ्यातली घाटी कोण काढून घेतं?"

"विकणारा. रीतच आहे तशी. नाहीतर बैल कुणाच्या शेतात शिरला, की लोक घाटी ओळखून जुन्या धन्याच्या दारात भांडायला येतात."

"आणि काढायला विसरला तर?"

"विसरतो कसला! धावत जाऊन वाटेत गाठतो आणि काढतो!"

भिवराने तव्यावरची भाकरी उलटली. "जेवून घ्या. उद्या मला दरबारात न्या."

दुसऱ्या दिवशी तिला पाहून प्रधानजी हसले. "आम्हा सगळ्यांना सुचलं नाही, ते ही पोर सांगणार!"

"तुम्ही भलत्यालाच विचारता, प्रधानजी," भिवरा म्हणाली. "खोटं बोलून ज्याचा फायदा, त्याला विचारता. खोट्याने ज्याचं नुकसान, त्याला कुणी विचारतच नाही! महाराज, बिल्ले बंद करा. हमीदाराने वर्गणी घेतली की गाडीच्या जुवाला आपली मोठी पितळी घाटी बांधायची. आणि हुकूम एवढाच काढा, की ज्या गाडीवर ज्या हमीदाराची घाटी वाजते, तिची भरपाई त्यानेच द्यायची. वर्गणी भरलेली असो, नसो!"

बाळशेट ताडकन उठले. "अहो महाराज! वर्गणी चुकवील गाडीवान आणि भरपाई मी देऊ?"

"मुदत सरली की घाटी काढून आणा की, शेट!"

"तो हिंडणार गावोगाव! मी कुठे कुठे धावू?"

"आजवर तुमच्या वाटचं माझे बाबा एकटेच धावत होते!"

राजाने मिशीवरून हात फिरवला. "आणि कुणी चोरून तशीच घाटी ओतून घेतली तर?"

"तर भरपाई शेटजींच्या गळ्यात पडेल, महाराज. चोर तुमच्याआधी तेच शोधतील!"

त्याच दिवशी हुकूम निघाला. बाळशेटांच्या माणसांना जेवायला फुरसत उरली नाही. कुठे घाटी बांध, कुठे सोडून आण!

अक्षय्य तृतीयेला वेस सताड उघडी होती. भिवरा वेशीच्या माथ्यावर, वर ओढलेल्या अडसराची दोरी धरून बसली होती. ठणण् ठणण् करत गाड्या न थांबता आत जात होत्या. एक गाडी मुकी आली. अडसर खाली! गाडीवानाने तोंड उघडलं, वर पाहिलं आणि मुकाट बैल वळवून बाळशेटांची पेढी गाठली.

तेवढ्यात धुरळा उडवत राजाचा रथ आला. राजा स्वतः हाकत होता. भिवराने दोरी सोडली. अडसर घोड्यांच्या नाकापुढे धाडकन पडला!

"पोरी! राजाला अडवतेस?"

"राजांना कोण अडवणार? आपण खुशाल पायी आत या, महाराज. अडवलाय तो रथ. त्याची घाटी वाजली नाही!"

धोंडजीने डोळे मिटून घेतले. प्रधानजींनी लगबगीने बाळशेटांना बोलावून आणलं.

"बांधा लवकर घाटी!" राजा म्हणाला.

बाळशेटांनी रथाभोवती एक फेरी मारली, घोडे पाहिले आणि हात जोडले. "बांधतो महाराज. पण वर्गणी दुप्पट पडेल."

"दुप्पट? का?"

बाळशेट पुन्हा घोड्यांकडे वळले. भिवराच बोलली, "आपण स्वतः हाकता ना, महाराज!"

राजा क्षणभर लाल झाला. मग असा खदखदून हसला की घोडे बिचकले आणि लगाम प्रधानजींना धरावे लागले.

रथाला घाटी बांधली गेली. वर्गणी दुप्पट घेतली गेली. धोंडजीची नोकरी आणि घर राहिलं. वेशीबाहेरची आमराई राजाने त्याच दिवशी भिवराच्या नावे केली.