केतकीनं विचारलं, कशाबद्दल?

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या राज्यात एक जुनी रीत होती. ज्याच्या हातून दुसऱ्याचं वाईट झालं, त्यानं त्याच्या दारी जावं, डोक्यावरचं पागोटं काढावं, उंबऱ्याबाहेर उभं राहावं आणि आपण काय केलं ते स्वच्छ शब्दांत सांगावं. मग जे बिघडलं ते आपल्या हातानं नीट करावं. राजालाही हीच रीत, रंकालाही हीच.

पुढे सात समुद्रांपलीकडून एक मांत्रिक आला. त्यानं राजाला एक शब्द नजर केला. शब्द एवढासा, जिभेवर ठेवला तर विरघळून जाईल असा. शब्द होता, सॉरी.

राजानं विचारलं, "याचा उपयोग काय?"

मांत्रिक म्हणाला, "महाराज, कशाला नाही ते विचारा. कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. कुणाचं माणूस गेलं, सॉरी. द्यायचं नाही, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी. वाट हवी, सॉरी. समोरचा 'असू द्या' म्हणाला की त्याची फिर्याद माणिक होऊन तुमच्या खजिन्यात येऊन पडेल."

राजानं शब्द घेतला, दरबाऱ्यांना वाटला. बघता बघता खजिना लाल झाला. ज्यांच्या फिर्यादी गेल्या, ती माणसं मात्र रिकाम्या मडक्यासारखी झाली. हसत ना रडत, विचारलं की एवढंच म्हणत, "असू द्या." काय हा अन्याय! पायाला लागलेल्या ठेचेला जो शब्द, तोच लेकरू गेलेल्या आईच्या रित्या मांडीला!

त्याच राज्यात केतकी नावाची मुलगी आणि तिचा भाऊ जयवंत राहत होते. दोघांना दोघंच. एकदा राजा मंतरलेला बाण घेऊन हरिणामागे त्यांच्या शेतात शिरला. बाण जयवंताला लागला आणि तो उभ्याचा दगड झाला. राजानं घोडाही थांबवला नाही. वळून म्हणाला, "सॉरी!"

केतकीच्या ओठांवर 'असू द्या' आलं. तिनं दात आवळले. ओठ फुटला, रक्त आलं, पण शब्द बाहेर पडू दिला नाही.

चार दिवसांनी पाथरवट आला. म्हणाला, "ताई, दगड चांगला आहे. राजवाड्याला नवी पायरी हवी आहे. पौर्णिमेला फोडायला येतो."

"दादा, तो माझा भाऊ आहे."

"सॉरी," पाथरवट म्हणाला आणि निघून गेला.

केतकी बांधावर बसून रडू लागली. तेव्हा लाल डोळ्यांचा भारद्वाज पक्षी बोरीवर येऊन बसला आणि बोलला, "मुली, रडून दगड भिजतो, विरघळत नाही. तीन तोंडं उघड. पहिलं न्यायाधीशाचं, दुसरं राजवैद्याचं, तिसरं राजाचं. ज्यानं जे केलं ते त्याच्याच तोंडून आलं, की मंत्र तुटेल."

"ते माझं ऐकतील कसे?"

"ते सॉरी म्हणतील, तू विचार, कशाबद्दल? त्या शब्दाला हा प्रश्न सोसत नाही."

केतकी न्यायाधीशाच्या दारी गेली. म्हणाली, "माझ्या भावाचा न्याय करा."

न्यायाधीशानं कानामागे हात धरला. "सॉरी?"

"कशाबद्दल?"

"अं? नाही, म्हणजे, ऐकू आलं नाही."

"आवारात नाणं पडलं तर ऐकू येतं का, आजोबा?"

भोवतीचे शिपाई फिसकन हसले. न्यायाधीश लाल झाला, मग पांढरा झाला. त्यानं पागोटं काढलं. "ऐकलं होतं. तुझंही, तुझ्याआधी आलेल्यांचंही. ऐकायचं नव्हतं." तिकडे खजिन्यात माणकांची एक रास पाणी होऊन वाहून गेली.

मग केतकी राजवैद्याकडे गेली. त्याच्या ओसरीवर सावित्रा नावाची बाई बसून होती. तिचं बाळ तापानं गेलं होतं. वैद्य तिला म्हणत होता, "सॉरी हो बाई, सॉरी." सावित्रा म्हणणार, "असू द्या," तोच केतकीनं विचारलं, "कशाबद्दल?"

"तू कोण विचारणार? हिचं पोर गेलं त्याबद्दल."

"पोर तापानं गेलं, की तुमच्या उशिरानं?"

वैद्यानं खल खाली ठेवला. मग म्हणाला, "निरोप आला तेव्हा मी जेवत होतो. पानात पुरणपोळी होती. उठलो नाही." सावित्रानं हंबरडा फोडला. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. खजिन्यातली दुसरी रास वाहून गेली.

पौर्णिमा उजाडली. पाथरवट छिन्नी घेऊन आला. मागोमाग संतापलेला राजा घोड्यावरून आला, शेजारी मांत्रिक. गाव गोळा झालं.

राजा गरजला, "माझा खजिना तू बुडवलास! सॉरी म्हणालो होतो ना मी?"

"कशाबद्दल, महाराज?"

"झालं त्याबद्दल."

"काय झालं?"

"बाण लागला."

"आपोआप लागला? बाणाला काय पाय फुटले होते?"

मांत्रिक कुजबुजला, "महाराज, उत्तर देऊ नका. उरलेलं माणिकही जाईल." तोच गर्दीतून सावित्रा पुढे झाली. "सांगा की, कशाबद्दल?" मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला, अवघं गाव म्हणू लागलं.

पाथरवटानं छिन्नी टेकवली ती दगडाच्या उंचावलेल्या हातावर. तळवा राजाकडे होता. राजानं तो तळवा पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो घोड्यावरून उतरला. मुकुट काढून शेतातल्या केतकीच्या झोपडीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मी बाण सोडला. समोर माणूस आहे, हे मला दिसत होतं. त्यानं हात वर केला, तोही दिसला. हरीण निसटत होतं, म्हणून सोडला."

दगडाला घाम फुटला. जयवंतानं श्वास घेतला. मांत्रिकाच्या तोंडून धूर निघाला आणि त्याच धुरात तो विरून गेला. खजिन्यात एक माणिक उरलं नाही. ज्याची फिर्याद त्याच्याकडे परत गेली.

भावाला घट्ट धरून केतकी उभी होती. राजानं विचारलं, "आता तरी असू द्या म्हणशील?"

"नाही, महाराज. पण तुम्ही सांगितलंत, ते मी ऐकलं."

राजानं मान खाली घातली. जयवंताची पेरणी हुकली होती, ती राजानं आपल्या हातानं केली. ओळी वाकड्या आल्या, गाव हसलं, पण पीक आलं. त्यानंतर दरबारात बोलणी लांबू लागली, कारण ज्यानं त्यानं आपण काय केलं ते सांगायचं होतं.

जसा जयवंत दगडातून सुटला, तशी तुमचीआमची अडलेली दाद सुटो.